शमुवेल येण्याआधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही. कन्फेशनला दरवर्षी जातो, तिथेही नाही — म्हणजे बाकी सगळं सांगतो, राग, आळस, शेजाऱ्याबद्दलचे वाईट विचार — आणि हे एक तसंच पोटात ठेवून उठतो. मग आज तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. दुसरं कारण शौल राजा. त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण सरळ मुद्द्यावर यायची माझी हिंमत नाही.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. टोरांटोच्या बाजूला आपली माणसं ढिगानं आहेत. तिकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, क्वायर आहे, ख्रिसमसला हॉल भरतो. इथे कॅनडाच्या मधोमध, रेजिनात काय? हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी घरं, न संपणारी थंडी, आणि मी. हो, मी! रोझरीची जपमाळ मी सांगणार, मराठी वाचन मी करणार, कुणी नवीन घर घेतलं की तिथे पहिली प्रार्थना मी म्हणणार. आयुष्यभर सरकारी ऑफिसात कुणाच्या डोळ्यांत न भरणारी नोकरी केली. पण शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बायबल उघडलं, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. लीना मला बिशप म्हणते. 'बिशप, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवा.' सगळे हसतात, मीही हसतो. आतून मला ते आवडतं, हेही सांगून टाकतो.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी शुक्रवारच्या बायबल क्लासला शौल घेतला. शौल मी चांगला रंगवतो. इस्राएलचा पहिला राजा, सगळ्यांपेक्षा खांदाभर उंच, आणि राजा म्हणून नाव पुकारलं तेव्हा लाजून सामानामागे लपून बसलेला. मग दाविदाचा मत्सर, त्याच्यावर फेकलेला भाला, वेष पालटून मेलेल्यांना उठवणाऱ्या बाईकडे जाणं, आणि शेवटी गिलबोवाच्या डोंगरावर स्वतःच्याच तलवारीवर पडणं. लोकांचा चहा गार होतो ऐकता ऐकता. फक्त एक प्रसंग मी दरवेळी पटकन उरकतो. गिलगालचा.

ग्लोरियानं नेमका तोच काढला. ग्लोरिया नर्स आहे, पन्नाशीची आहे, आणि आमच्यात घरून वाचून येणारी ती एकटीच. प्रसंग असा — शमुवेल संदेष्ट्यानं शौलाला सांगितलेलं असतं, गिलगालला थांब, मी येईन, देवापुढे जाळायचा होमबली मी अर्पण करीन. शौल थांबतो. ठरलेली मुदत संपते. समोर पलिष्ट्यांचं सैन्य, इकडची माणसं घाबरून गुहांत लपतायत, पळतायत, आणि शमुवेलाचा पत्ता नाही. शेवटी शौल स्वतःच होमबली करतो. जे काम त्याचं नव्हे, ते करतो. ते उरकतंय न उरकतंय तोच शमुवेल हजर! आणि म्हणतो, तुझं राज्य टिकणार नाही.

'अंकल, एवढ्याशा गोष्टीसाठी?' ग्लोरिया म्हणाली. 'बिचारा करणार काय? माणसं निघून चालली, हा म्हातारा येत नाही. मला तर बाई त्याची दया येते.' सगळ्यांनी माना डोलावल्या. देव जरा जास्तच कडक वागला, असं सगळ्यांचं मत पडलं. मी म्हटलं, वेळ झाली, चहा घेऊ या. घरी आलो, गाडी गॅरेजमध्ये लावली आणि तसाच स्टिअरिंगला धरून बसून राहिलो. लीना दार उघडून म्हणाली, झोपलात की काय तिथेच?

ग्लोरियाला माहीत नव्हतं, की ती माझ्यावर दया करत होती. आणि निदान तिनं तरी ती करायला नको होती. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी ग्लोरियानं तिच्या आईला वसईहून सुपर व्हिसावर, आईवडिलांना इथे राहायला मिळतो त्या, इकडे आणलं. फिलोमावशी. ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले, जीभ मात्र कात्रीसारखी. दर रविवारी त्या इंग्रजी मिस्साला यायच्या, कोट-टोपीत गुंडाळून बाकावर बसायच्या आणि एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट हवी होती. कन्फेशन. मरण्याआधी एकदा, नीट, आपल्या भाषेत.

इथले फादर चांगला माणूस. म्हणाले, तुम्ही मराठीत सांगा, देवाला मराठी येतं, पापक्षमा मी देतो. मावशींना ते पटेना. ज्याला कळत नाही त्याला काय सांगू, म्हणाल्या, भिंतीशी बोलल्यासारखं. मग कुणी तरी सुचवलं की दुभाषा बसवता येतो, चालतं तसं, सायमन बसेल. सायमन म्हणजे मी. त्यावर मावशी खळखळून हसल्या. 'सायमन? त्यापेक्षा मी बस स्टॉपवर उभी राहून ओरडून सांगते.'

माझ्या तोंडावर. आठ-दहा माणसांसमोर. सगळे हसले, मीही हसलो. माझ्या पोटात काही राहत नाही, ही माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पण ते मला लागलं. घरी जाऊन मी लीनाशी कशावरून तरी भांडलो. म्हणजे बघा — त्यांना मी नको होतो. त्यांनी ते स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं मी भल्या मनानं केलं असं तुम्हाला वाटायला नको.

मग मी काय केलं? मोठेपणा. म्हटलं, मी आणतो मराठी फादर. फादर सिल्वेस्टर म्हणून आमच्याकडचे एक तरुण फादर टोरांटोला शिकायला आले होते, त्यांना फोन केला. ते लगेच हो म्हणाले, साधे होते. मी मात्र गावभर करून ठेवलं. ज्याला त्याला सांगितलं, काळजी करू नका, सायमननं शब्द दिलाय. मावशींनी माझा हात हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, पोरा, तेवढं कर. ती बाई मला पोरा म्हणाली आणि मी फुगलो.

जानेवारीत मावशींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी पाठवलं — म्हणजे काय ते ग्लोरियाला कळलं, नर्सच ती. फादरांचं तिकीट ठरलेलं होतं. आणि त्याच दिवशी वादळ. तुम्ही इथल्या सपाट माळरानावरचं, प्रेअरीतलं बर्फाचं वादळ पाहिलं नसेल तर काय सांगू? रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते कळत नाही. मी विंटर टायर्सच्या भरवशावर कसाबसा ग्लोरियाच्या घरी पोचलो. दुपार होती. मावशी पलंगावर, श्वास लागलेला, शुद्ध अगदी लख्ख. दर थोड्या वेळानं एकच प्रश्न. आले का? आणि ग्लोरिया मला बघून कोट चढवून बाहेर गेली, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला. फादरांची टॅक्सी आत यायला हवी ना!

ती बाहेर गेली आणि फादरांचा फोन आला. फ्लाइट कॅन्सल. मी म्हटलं, फादर, मग फोनवर ऐका त्यांचं. ते म्हणाले, सायमन, फोनवर पापक्षमा देता येत नाही. थांबा. उद्या मिळेल ती फ्लाइट घेतो. तोवर त्यांना सांगा की मनापासून पश्चात्ताप केला तरी देव ऐकतो, इथल्या फादरांना बोलवून आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून घ्या, आणि माझी वाट बघा. थांबा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला ते 'थांबा' अजून ऐकू येतं.

मी खिडकीतून पाहिलं. ग्लोरिया वाऱ्यात वाकून बर्फ उचलत होती, जेवढं उचलत होती तेवढं परत पडत होतं. आतून मावशी म्हणाल्या, आले का रे? आता मी बाहेर जाऊन म्हणायचं होतं, ग्लोरिया, ठेव ते फावडं, फादर येत नाहीत. आत जाऊन म्हणायचं होतं, मावशी, उद्या. बस, एवढंच. मला ते जमलं नाही. मी शब्द दिला होता ना — मी तोंडघशी कसा पडणार?

मावशींच्या उशाशी लँडलाइनचा फोन असायचा, मोठ्या बटणांचा. वसईहून कुणाचा फोन आला की त्या चाचपून बटण दाबायच्या आणि स्पीकरवर बोलायच्या. मी त्यांना म्हटलं, मावशी, वादळामुळे फादर अडकलेत, पण बिशपांच्या खास परवानगीनं ते फोनवर तुमचं कन्फेशन ऐकणार आहेत. घंटी वाजली की बटण दाबा. तुमचं खासगी आहे, मी खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसतो. त्या म्हणाल्या, देव तुझं भलं करो. मी बेसमेंटमध्ये गेलो, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी उभा राहिलो आणि माझ्या सेलवरून ग्लोरियाच्या घरी फोन लावला.

आलं लक्षात? आता आलोच आहे मुद्द्यावर, तर सगळं सांगतो. मावशींशी मी नेहमी आमच्या घरच्या बोलीत बोलायचो. फादर लोक बोलतात ती पुस्तकी मराठी. मिस्साच्या वाचनासाठी तो आवाज मी वर्षानुवर्षं घोटलेला, तो काढला. शौल मेलेल्यांना उठवणाऱ्या त्या बाईकडे जाताना कपडे बदलून गेला होता. मी भाषा बदलली. त्यांना दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं, वर फर्नेसची घरघर. त्यांना जराही शंका आली नाही. त्यांनी क्रुसाची खूण केली असणार, कारण ती करताना जे म्हणतात ते मला ऐकू आलं. आणि त्या बोलू लागल्या.

काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. सायमनच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, पण हे राहिलंय. एवढंच सांगतो की किरकोळ गोष्टी भराभर झाल्या आणि मग एक मोठी आली, फार जुनी, ग्लोरियाच्या जन्माच्या वेळची. ती ग्लोरियाला माहीत असायला हवी होती. मावशींनी ती जन्मभर तिच्यापासून लपवली होती. सांगताना त्या रडत होत्या, थांबून थांबून श्वास घेत होत्या. आणि शेवटी त्यांनी विचारलं, फादर, आता सांगू का तिला? सांगायला हवं ना?

विचार करा, केवढा प्रश्न! फादर सिल्वेस्टर असते तर काय म्हणाले असते? मला माहीत नाही. कदाचित म्हणाले असते, सांगा. कदाचित त्यांनी आधी खूप वेळ ऐकून घेतलं असतं. मी काय केलं? वर दरवाज्याचा आवाज झाला. ग्लोरिया बूट आपटत होती, बर्फ झटकत होती. ती आत येईल, आईच्या खोलीत जाईल आणि स्पीकरवरून तिला सायमनचा आवाज ऐकू येईल — माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, नको, माझ्या मुली, सांगायची गरज नाही, देवानं क्षमा केली आहे, आता त्याबद्दल बोलू नका. आणि फक्त फादरांनीच म्हणायचे ते पापक्षमेचे शब्द म्हटले. पुरते. शेवटच्या आमेनपर्यंत. ज्या बाईनं मला पोरा म्हटलं होतं तिला मी माझी मुलगी म्हटलं, आणि फोन कट केला.

वर आलो तेव्हा ग्लोरिया आईच्या पायाशी बसली होती आणि मावशींचा चेहरा — काय सांगू? इतका निवांत मी तो कधी पाहिला नव्हता. ग्लोरियाला मी तीच बिशपांच्या परवानगीची गोष्ट सांगितली. तिनं मला मिठी मारली. तिचा कोट ओला होता.

इथवर तुम्ही म्हणाल, चला, चूक झाली, पण म्हातारीला शांती मिळाली. मीही रात्रभर स्वतःला तेच सांगितलं. पण सकाळी वादळ थांबलं. लख्ख ऊन पडलं. फादरांचा फोन — सायमन, एअरपोर्टवर आहे, सीट मिळाली, दुपारपर्यंत पोचतो.

शमुवेल आला होता की हो!

आणि मी त्यांना परत पाठवलं. म्हटलं, फादर, आता येऊन उपयोग नाही, मावशी शुद्धीत नाहीत, इथल्या फादरांनी तेल लावलं. त्या क्षणी मावशी चमच्यानं पेज पीत होत्या आणि मीठ कमी आहे म्हणून ग्लोरियाला बोलत होत्या. फादर हळहळले. म्हणाले, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. मी थँक यू म्हटलं. मग ग्लोरियाला सांगितलं की फादरांकडे या फोनचा विषय कधी काढू नकोस, कन्फेशनची गोष्ट असते, त्यांना अवघड होतं. तिला ते अगदी पटलं. कन्फेशनमधलं कुणी कुणाला विचारत नाही. आमच्यातली सगळ्यात पवित्र गोष्ट मी माझ्या लबाडीवर पांघरूण म्हणून टाकली, आणि ते पुरलं. तिच्या फोनच्या स्क्रीनवर माझा नंबर आला असेल, तोही कुणी पाहिला नाही.

मावशी त्यानंतरही काही दिवस होत्या. चांगल्या शुद्धीत. खरा फादर त्यांच्या पलंगापर्यंत येऊन पोचला असता, भरपूर वेळ होता. त्या गेल्या तेव्हा चर्चमध्ये ग्लोरियानं सगळ्यांसमोर माझे आभार मानले. अंकलमुळे आई शांतपणे गेली, म्हणाली. लोकांनी येऊन माझे हात हातात घेतले. लीनानं सुद्धा त्या दिवशी बिशप म्हणून चिडवलं नाही.

मग वर्षभरानं असेल, ग्लोरिया आमच्याकडे जेवायला आली होती. लीना आत भात बघत होती. ग्लोरिया सहज बोलल्यासारखं म्हणाली, अंकल, शेवटच्या दिवसांत आई सारखी माझा हात धरायची. म्हणायची, ग्लोरी, एक सांगायचं होतं. मी म्हणायची, सांग. मग म्हणायची, जाऊ दे, फादर नको म्हणालेत. काय असेल हो? मी तर डोकं फोडून घेतलंय. घराचं काही? बाबांचं काही? मग स्वतःच हसली — मला कुठून उचलून आणलं होतं की काय? मीही हसलो. तिच्या ताटात मासळीचा तुकडा वाढला. ती म्हणाली, फादर नको म्हणाले म्हणजे काही तरी कारण असणार. आणि जेवायला लागली.

कारण! बुटांचा आवाज झाला, हे कारण.

शौलाला शमुवेलानं समोर उभं करून विचारलं, हे काय केलंस? त्यानं कारणं दिली. माणसं पळत होती, तू वेळेवर आला नाहीस, शत्रू जवळ आला होता. कारणं माझ्याकडेही आहेत. वादळ होतं. मावशी तळमळत होत्या. ग्लोरियाचे हाल मला बघवत नव्हते. सगळी खरी आहेत. पण दुसऱ्या दिवशी ना वादळ होतं ना तळमळ, तेव्हा मी काय केलं ते तुम्ही वाचलंत. त्याला काही कारण नाही. मला माझी अब्रू वाचवायची होती, आणि ती एका मरणाऱ्या बाईच्या कन्फेशनपेक्षा आणि तिच्या मुलीच्या हक्कापेक्षा मला मोठी वाटली.

ग्लोरियाला सांगायला दोन वाक्यं पुरतील. एक तिच्या आईचं, एक माझं. पहिलं सांगायचं तर दुसरं सांगावंच लागतं, म्हणून दोन्ही राहिली आहेत. तिचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. काल ग्रोसरीत भेटली, कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, अंकल, पुढच्या शुक्रवारी कोण? मी म्हटलं, दावीद.

एक राहिलं. ती मराठी वाचते. म्हणून तिचं नाव ग्लोरिया नाही, तिची आई फिलोमावशी नव्हती, मी सायमन नाही, ती नर्स नाही आणि हे शहर रेजिना नाही. लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी मी तेच बदललं. तिला त्रास होऊ नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. तसं नाही. तिला कळू नये म्हणून.